खाली कुणी राहिलंय का?

१

जेवणाची वेळ झाली की मी टेबलाचा खण बंद करायचे, जिन्याच्या तोंडाशी साखळी लावायचे आणि खाली उतरून हाक मारायचे, "बंद करतेय! खाली कुणी राहिलंय का?"

माझं काम म्हणजे एवढंच. तिकिटं देणं, छत्र्या सांभाळणं, संडास कुठे आहे हे दिवसभर सांगत बसणं, हेही होतंच म्हणा. पण जबाबदारीचं म्हणावं असं काम हे एकच. कॅथेड्रलच्या पोटात उतरणारा जिना आणि त्याच्या पायथ्याशी एकामागे एक तीन खोल्या. दुपारी आणि संध्याकाळी तिथे कुणी उरलेलं नाही हे बघायचं, दिवे मालवायचे आणि वर यायचं.

इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या गावात जन्मलेल्या माणसाला असल्या अवशेषांचं अप्रूप नसतं. इथे कुणी मोरी दुरुस्त करायला काढली तरी रोमन दगड निघतो, आणि सरकारी माणसं यायच्या आत तो पुन्हा कसा बुजवायचा याच्या काळजीत घरमालक असतो. त्यातून गावाचा सगळा जीव संत निकोलावर. यात्रेकरूंच्या बसगाड्या त्याच्या चर्चपाशी रिकाम्या होतात. आमच्याकडे यायचे ते रस्ता चुकलेले, नाहीतर उन्हाने बेजार झालेले. दारावरचा दोनातो त्यांना सांगायचा, "निकोलाकडे गर्दी आहे, आमच्याकडे गारवा आहे. देवाला कुठूनही ऐकू जातं, या!"

खालच्या पहिल्या खोलीत थडग्यांच्या शिळा होत्या. दुसरीत जुन्या रस्त्याचा तुकडा, त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. आणि तिसरी खोली सगळ्यात जुनी, सगळ्यात बुटकी. वरचं कॅथेड्रल बांधायच्या कितीतरी आधी तिथे दुसरं देऊळ होतं, त्याची फरशी. रंगीत खड्यांची. त्यात मासे, एक ऑक्टोपस, कडेने लाटांची नक्षी. त्या फरशीवर कुणी पाय द्यायचा नाही, म्हणून खोलीच्या मधोमध लाकडी फळ्यांची वाट केलेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना काचेचा कठडा.

त्या खोलीला घुमायची सवय होती. माझी हाक बुटक्या खांबांना वळसा घालून परत यायची आणि शेवटचे शब्द मला परत करायची: "...लंय का?" कुणीतरी माझी नक्कल करतंय असं वाटायचं. मला ते आवडायचं.

ईस्टर नुकताच होऊन गेला होता. एका दुपारी मी हाक मारली आणि ती परत आली नाही.

उशीत तोंड खुपसून बोलावं तशी ती तिथल्या तिथे बसली. मी घसा साफ केला, पुन्हा ओरडले. दुसऱ्या खोलीने माझा आवाज मला दिला. तिसरीने दिला नाही. मी दारातून आत डोकावले. दिवे चालू होते, फळ्या रिकाम्या होत्या, मासे आपापल्या जागी होते. मी दिवे मालवले आणि वर आले. नेहमीपेक्षा जरा भरभर आले, एवढंच.

२

दोनातो पायरीवर बसून फोकाच्याचा तेलकट पाव खात होता. तेल त्याच्या मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"तुझे कान दाखव कुणाला तरी," तो म्हणाला.

"माझ्या कानांना काय धाड भरलीये?"

"धाड नाही, वय भरलंय. माझ्या बायकोलाही मी बोललेलं ऐकू येत नाही."

"तिला ऐकायचं नसतं."

"तसं असेल, तर तुझ्या खोलीलाही ऐकायचं नसेल."

पण खाऊन झाल्यावर हात पुसत तो माझ्याबरोबर खाली आला. दोनातो आयुष्यभर बस चालवलेला माणूस. मोठ्याने बोलायची सवय आणि भीती कशाचीच नाही. पहिल्या खोलीत उभा राहून तो गरजला, "ए निकोला! इकडे ये, अर्ध्या तिकिटात सोडतो!" खोली घुमली. दुसरीही घुमली. तिसरीच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याने तेच म्हटलं, आणि ते शब्द त्याच्या मिशीपाशीच मेले.

त्याने टाळी वाजवली. ओलं फडकं जमिनीवर पडावं तसा आवाज झाला.

"दमटपणा," तो म्हणाला. "शिरोक्को वारा सुटलाय ना चार दिवस. हवा जड झालीये."

"बाकीच्या दोन खोल्यांत दुसरी हवा आहे?"

कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र घरघरत होतं. आपल्याशीच बोलावं तसा तो म्हणाला, "आई गेल्यावर तिचं घर रिकामं केलं आम्ही. पलंग, कपाटं, गाद्या, सगळं. शेवटी मी नुसता शिंकलो तर असा काही आवाज घुमला की मीच दचकलो. त्याच घरात सगळं आयुष्य शिंकलो होतो, कधी घुमलं नव्हतं. रिकामी खोली घुमते, नुन्झिया. भरलेली घुमत नाही."

"मग इथे काय भरलंय?"

यावर काहीतरी गंमत करायला त्याने तोंड उघडलं. मी वाट बघितली. गंमत आली नाही.

"चल वर," तो म्हणाला.

कचेरीला कळवलं तेव्हा त्यांनी एक तंत्रज्ञ पाठवला. त्याने यंत्र उघडून पाहिलं, भिंतींना कसलीशी सुई लावली आणि सांगितलं की दगड पाणी धरतो, ऋतूप्रमाणे आवाज बदलतो. माणूस शिकलेला होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

३

लेल्ला माझी धाकटी बहीण. तिचा नवरा ओराझियो बंदरावर क्रेन चालवायचा. थंडीत एका पहाटे त्याच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात तो गेला. त्या वेळी लेल्ला कॉफी आणायला खाली गेली होती. परत आली तेव्हा त्याच्या तोंडावर चादर होती आणि हिच्या हातात दोन कप. मूलबाळ नाही. एकमेकांना टोमणे मारत जगणारी ती दोघं. आता टोमणा मारायलाही कुणी नव्हतं.

एकदा कोपऱ्यावरच्या कोंचेत्ताने मला बाजूला घेतलं. "तुझी बहीण दिवसभर बसमध्ये असते, माहीत आहे का तुला? विमानतळाच्या गाडीत बसते, शेवटच्या थांब्यावर उतरत नाही, त्याच गाडीने परत येते. पुन्हा तेच."

मी लेल्लाला विचारलं, "कुठे जातेस गं?"

"कुठेच नाही."

"मग?"

"शेजारी कुणीतरी येऊन बसतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्याबरोबर कॅथेड्रलवर न्यायला लागले. टेबलाशेजारी एक स्टूल ठेवलं, तिकिटं फाडायला दिली. दोनातो तिची खोडी काढायचा. "लेल्ला, चुकूनसुद्धा हसू नकोस हं. लोकांना वाटेल आत काहीतरी मजेचं आहे, आणि पैसे परत मागतील." तिच्या ओठाचा एक कोपरा हलायचा. आम्हाला तेवढं पुरे होतं.

मग एकदा दुपारी ती म्हणाली, "तू जेव निवांत. मी बघून येते खाली."

मला बरंच वाटलं. तिने स्वतःहून काही करायला घेतल्याला महिने झाले होते. माझं जेवण झालं, फळ सोलून झालं, तरी ती वर आली नाही. मी उठणार तेवढ्यात जिन्यात तिची पावलं वाजली. वर आली ती गालांवर रंग घेऊन. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"किती बरं वाटतं गं खाली," ती म्हणाली.

"गारव्याने."

"गारवा कुठे? उबदार आहे."

"हाक मारलीस का नीट?"

"ओरडायचं कशाला?" ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून माझ्या ताटातला पाव खायला लागली.

तेव्हा मला दिसलं. तिच्या काळ्या स्वेटरच्या दोन्ही खांद्यांवर पांढरट धूळ होती. पाठीवरही. मी हाताने झटकली. "भिंतीला घासलीस का?"

"नाही गं."

त्या फळ्यांवरून चालताना भिंत हाताला लागत नाही. हात लांब केला तरी लागत नाही. जिन्यात लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जिना अरुंद आहे खरा. पण एका वेळी दोन्ही खांद्यांना लागेल इतका अरुंद नाही.

त्यानंतर ती रोज जायला लागली.

४

एकदा सकाळी दार उघडायच्या आधी मी एकटीच खाली गेले. सगळे दिवे लावले. पहिली खोली, दुसरी खोली. चाकोऱ्यांत कुणीतरी टाकलेला चॉकलेटचा कागद मी उचलून खिशात घातला. सगळं नेहमीचं होतं. तिसऱ्या खोलीत पाय टाकला आणि अंगावर ऊब आली.

उन्हाची ऊब वेगळी असते, चुलीची वेगळी. ही भरगच्च बसमधली होती, खिडक्या बंद असलेल्या.

फळ्यांवरून मी मध्यापर्यंत गेले. यंत्र घरघरत होतं. ऑक्टोपसचे पाय दिव्याखाली चकाकत होते. मग मी कठड्याची काच पाहिली. ती धुरकटली होती. मी बाहीने पुसली. पुसली गेली नाही. वाफ पलीकडच्या बाजूने धरली होती. फरशीच्या बाजूने, जिथे कुणी उभं राहत नाही.

मी मनाशी म्हटलं, दगडाला घाम फुटतो तसा काचेलाही फुटतो. शिरोक्को आहे. तंत्रज्ञ म्हणालाच होता. पण काचेला घाम फुटतो तेव्हा ती सबंध धुरकटते. ही तशी नव्हती. वेगवेगळे गोल डाग होते. काही कठड्याच्या वरच्या कडेला, काही खाली, एक तर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, लहानसा. माझ्यासमोरचा डाग बघता बघता आक्रसला, मिटत आला, आणि पुन्हा पसरला. पुन्हा आक्रसला.

हे डाग नाहीत, ही तोंडं आहेत, असं माझ्या मनात आलं. माझ्या इच्छेविरुद्ध आलं. मी मागे सरकले. पाठ न वळवता, कठडा चाचपत, उलट्या पावलांनी दुसऱ्या खोलीत आले, आणि तिथे मला माझाच श्वास घुमताना ऐकू आला. तो आवाज इतका ओळखीचा वाटला की रडू फुटायचं बाकी होतं.

त्या संध्याकाळी मी लेल्लाकडे गेले. तिने बाकल्याच्या डाळीचं घट्ट वरण आणि कडू पालेभाजी वाढली. मी घास हातात धरूनच म्हटलं, "खाली जाणं बंद कर."

"का?"

"हवा बरी नाही तिथली."

"मला मानवते."

"काय आहे गं तिथे? खरं सांग."

तिने खांदे उडवले. "काही नाही. उभं राहायचं. कुणी काही विचारत नाही. कसं वाटतंय, जेवलीस का, डॉक्टरकडे गेलीस का, काही नाही. आणि एकटंही वाटत नाही."

"एकटंच असतं तिथे, लेल्ला! रिकामी खोली आहे ती!"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोलले की अशीच बघायची.

"तू तुझ्या घरी जाशील आता," ती शेवटी म्हणाली. "तुझा तोनिनो टीव्हीसमोर घोरत असेल. तू त्याला शिव्या देशील, खांदा धरून हलवशील. मी कुणाला हलवू? बसमध्ये बसू नको म्हणालीस, नाही बसले. आता खालीही जाऊ नको म्हणतेस. मग मला घरी एकटीला कशाला पाठवतेस?"

मी म्हटलं, आमच्याकडे राहायला ये. ती म्हणाली, बघू. निघताना तिने मला शब्द दिला, की आठवडाभर तरी खाली जाणार नाही.

५

तिने तो पाळला. आठवडा भरला त्या दिवशी शिरोक्कोने गाव नुसतं उकडत होतं. पोलंडच्या यात्रेकरूंचा एक मोठा गट निकोलाकडची रांग टाळून आमच्याकडे आला होता, आणि मी त्यांच्या म्होरक्याशी हातवाऱ्यांनी भांडत होते. शेवटी त्यांना खाली फिरवून वर आणलं, मोजून झाले, आणि मी वळून पाहिलं तर स्टूल रिकामं.

"दोनातो, लेल्ला?"

"आत्ता तर होती."

तेवढ्यात वीज गेली. सबंध जुन्या गावाची. पंखे थांबले, ऑर्गनच्या बाजूचा दिवा विझला, आणि जिन्याखालून येणारी यंत्राची घरघर बंद पडली. वर्षानुवर्षं ती घरघर माझ्या कानात होती. ती थांबल्यावर खालून जे वर आलं ती शांतता नव्हती. पुष्कळ माणसं बोलायचं थांबली की होतं, तसं काहीतरी होतं.

दोनातोने टॉर्च काढली. आम्ही उतरलो. पहिल्या खोलीत दारावरचा संकटकाळचा हिरवा दिवा लागला होता, दुसरीतही. तिसऱ्या खोलीतलाही लागला असणार, कारण चौकटीची वरची कड आतून हिरवी दिसत होती. पण तो उजेड खाली फरशीपर्यंत पोचत नव्हता. चौकटीच्या वरच्या वीतभर भागातच अडकून राहिला होता.

"लेल्ला!" मी ओरडले. शब्द माझ्या पायाशी पडला.

"मी इथून उजेड धरतो," दोनातो म्हणाला. टॉर्चचा झोत जमिनीवरच फिरत होता. वर उचलायला तो तयार नव्हता. मी त्याला दोष देत नाही. मीही गेले नसते. पण आत माझी बहीण होती.

मी उंबरा ओलांडला.

पहिल्याच पावलाला खांद्याला कापड लागलं. जाडंभरडं, पोत्यासारखं. मग दुसऱ्या खांद्याला. पावसात भिजलेल्या लोकरीचा वास होता, मेणबत्तीचा होता, आणि श्वासाचा. कुणी मला ढकललं नाही. मे महिन्यात निकोलाची मूर्ती समुद्राकडे नेतात तेव्हा, गर्दीत कुणी म्हातारी पुढे जायला लागली की माणसं न बघता, न बोलता जराशी सरकतात. तसं ते सरकत होते. मी पुढे गेले की माझ्यामागे पुन्हा मिटत होते.

इतकं चालल्यावर मला कठडा लागायला हवा होता. लागला नाही. पायाखाली फळ्या वाजायला हव्या होत्या. वाजल्या नाहीत, तळव्यांना बारीक खडे जाणवत होते.

"लेल्ला," मी पुटपुटले. आता ओरडायचं धैर्य नव्हतं.

"हळू," माझ्या अगदी कानाशी ती म्हणाली.

मी चाचपून तिचा हात धरला. तिचाच होता, कोमट, पीठ मळून मळून खरखरीत झालेला. "घरी चल."

"थांब जरा."

"कशासाठी?"

"सगळे थांबलेत."

आणि आता जे सांगते ते मी तोनिनोलाही सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं. पाठीला पाठी टेकलेल्या, दोन्ही खांद्यांना खांदे, तिचा हात हातात. गुडघे दुखायचे थांबले. उद्याची भाजी, तोनिनोची औषधं, काही आठवेना. मी डोळे मिटले. उभ्या उभ्या झोप लागते तशी एक गुंगी पायांकडून वर चढायला लागली.

"नुन्झिया!" लांबून, फार लांबून दोनातो ओरडला. मग त्याने मला एक शिवी दिली, बंदरावरची, अशी की जी त्याने उभ्या जन्मात कुठल्या बाईसमोर उच्चारली नसेल. त्या शिवीने माझे डोळे उघडले. घाबरून त्याने टॉर्च वर उचलली होती.

झोत माझ्या डोक्यावरून गेला. मला डोकी दिसली. उघडी, झाकलेली, उंच, ठेंगणी. त्यांच्यामागे आणखी डोकी. त्यांच्यामागे आणखी. ती खोली आठ-दहा पावलांत संपते. तिच्या मागच्या भिंतीवरची धूळ मी स्वतः झाडलेली आहे. ती भिंत नव्हती. उजेड जाईल तिथपर्यंत डोकी होती, आणि उजेड संपला तिथेही ती संपलेली नव्हती. चेहऱ्यांविषयी मला काही सांगता येणार नाही. मी पाहिले नाहीत. पण सगळे चेहरे एकाच दिशेला होते, जिन्याकडे.

मी लेल्लाचा हात ओढला. ती आली नाही. दोन्ही हातांनी ओढला, लहानपणी समुद्रातून बाहेर काढायचे तसा, आणि तिला लहानपणीच्याच नावाने हाक मारली. ती एक पाऊल आली. मग दुसरं. कुणी अडवलं नाही. कुणी धरलं नाही. ते सरकत राहिले, आम्हाला वाट देत राहिले, आणि एकदम माझा पाय फळीवर वाजला.

६

दोनातो पहिल्या खोलीत थडग्याच्या शिळेवर बसला होता. टॉर्च चालूच होती, मांडीवर पडलेली. आम्ही तिघं वर आलो. त्याने किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला आणि तसाच घरी गेला. पुन्हा कामावर आला नाही. गुडघ्यांचं कारण दिलं. पुढे एकदा मासळीबाजारात भेटला तेव्हा मी विचारायला तोंड उघडलं, तर हातातल्या माशाकडे बघतच म्हणाला, "नको, नुन्झिया. मला अजून झोप लागते. तेवढी राहू दे."

वीज आल्यावर अग्निशमन दलाची दोन माणसं मी बोलावली. बाई घाबरली आहे, बघून घ्या, एवढंच सांगितलं. त्यांनी काना-कोपरा पाहिला. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. त्यातला एकजण शेवटच्या खोलीतून ओरडला, "कुणी नाही!" आणि ते शब्द खांबांना वळसे घालत दोनदा-तीनदा परत आले. "छान घुमतं हो तुमच्याकडे," तो वर येऊन म्हणाला.

मी तो महिना भरून नोकरी सोडली. आता नव्या वस्तीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला जाते. स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर असतं तर गेले नसते.

लेल्ला उन्हाळाभर माझ्याशी बोलली नाही. दारापाशी ठेवलेलं जेवण घ्यायची, भांडं धुऊन परत ठेवायची, पण दार उघडायची नाही. मी रोज जात राहिले. आपल्या पोर्तुगालला गेलेल्या मुलासाठी मेणबत्ती लावत राहते तशी कोंचेत्ताही रोज तिच्या दारावर थाप मारत राहिली. शेवटी सप्टेंबरात, हवा फिरल्यावर, तिनेच लेल्लाला हाताला धरून गल्लीत आणलं आणि आपल्या पाटाशेजारी बसवलं. "हात आहेत ना अजून? मग चालव," म्हणाली. गल्लीतल्या बायका दारासमोर बसून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता करतात, पिठाच्या वळीचा तुकडा सुरीने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटायचा, की छोटासा कान तयार. लेल्ला करायला लागली. आधी मुकाट्याने. मग एकदा कोंचेत्ताच्या सुनेवरून काहीतरी बोलणं चाललं होतं आणि लेल्ला म्हणाली, "तिच्या हातचं खाऊन नवरा परदेशी गेला," आणि सगळ्या गल्लीला हसू फुटलं. मी पलीकडून ऐकलं. माझी बहीण परत आली, असं मला वाटलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, मी तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. ऊन भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढलं होतं. पाटावर कानांची रास पडली होती. ती आनंदात दिसली म्हणून मी धीर केला.

"एक विचारू?"

"विचार की."

"ओराझियो होता का गं तिथे?"

सुरी थांबली नाही. "नाही."

"मग कशाला थांबलीस तिथे इतके दिवस?"

"ते सगळे कुणाची तरी वाट बघत होते ना," ती म्हणाली. "मला वाटलं, त्याचीच बघतायत. तो येईल. म्हणून मीही उभी राहिले." तिने एक कान अंगठ्यावरून सोडवला, राशीत टाकला. "तसं नव्हतं ते. तू आत आलीस तेव्हा कळलं मला. रोज हाक मारायचीस ना तू. तू आलीस आणि सगळे म्हणाले, आली."

पलीकडे पीठ मळत बसलेल्या कोंचेत्ताला शेवटचा शब्द तेवढा ऐकू गेला. तिने मान वर केली. "कोण गं? कोण आली?"

लेल्लाने खालमानेनेच पिठाचं बोट माझ्याकडे केलं.

"ही."